निकालपत्रातून सायकलपटूची कारकीर्द कशी वाचावी

2007 च्या टूर द फ्रान्समध्ये शर्यत पूर्ण करणाऱ्या 141 सायकलपटूंत वेल्सचा गेरेंट थॉमस 140 वा आला. 2013 साली त्याच शर्यतीत तो पुन्हा 140 वाच आला. पहिल्या वेळी तो 21 वर्षांचा आणि त्या वर्षीच्या टूरमधील सर्वांत लहान स्पर्धक होता. तीन आठवडे टिकून राहून पॅरिस गाठणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित होते. दुसऱ्या वेळी त्याच्या नावावर ऑलिंपिकची दोन सुवर्णपदके होती, कॉर्सिका बेटावरील पहिल्याच टप्प्यात पडून त्याच्या कमरेच्या हाडाला तडा गेला होता, आणि तशा अवस्थेत उरलेले वीस टप्पे त्याने आपल्या संघाच्या ख्रिस फ्रूमसाठी काढले. फ्रूम ती टूर जिंकला. निकालपत्रात मात्र दोन्ही वर्षांपुढे आकडा एकच आहे.

आपल्याकडे सायकल शर्यत म्हटले की मुंबई–पुणे शर्यत, बोरघाट आणि ‘घाटाचा राजा’ हा किताब आठवतो, आणि पुण्यात पहिला कोण पोहोचला हे कळले की बहुतेकांचे समाधान होते. युरोपातील व्यावसायिक शर्यतींना हीच नजर लावली, तर शंभरातील नव्वद कारकिर्दी फुकट गेल्यासारख्या दिसतात. तो खेळ संघाचा आहे, पण निकाल एकेका व्यक्तीच्या नावावर लिहिला जातो. वाचताना अडचण येते ती इथेच. एखाद्या सायकलपटूची वर्षानुवर्षांची निकालपत्रे आज सहज मिळतात. ती वाचायची कशी, हे थॉमसची कारकीर्द समोर ठेवून पाहू. त्याची निवड मी मुद्दाम केली आहे, कारण सहायक, ट्रॅकवरचा खेळाडू, एकदिवसीय शर्यतींचा स्पर्धक, टूरचा विजेता आणि शेवटी पुन्हा सहायक अशा जवळजवळ सर्व भूमिका एकाच माणसाने केल्याचे असे उदाहरण विरळा.

आधी वय आणि संघ लिहून काढावेत

एका कोऱ्या कागदावर वर्षे उभी मांडावीत आणि प्रत्येक वर्षापुढे सायकलपटूचे वय, त्याचा संघ व त्या वर्षीची त्याची एक-दोन मोठी उद्दिष्टे लिहावीत. निकाल नंतर भरावेत. थॉमसचा जन्म मे 1986 चा, कार्डिफचा. 2007 ते 2009 ही तीन वर्षे तो बार्लोवर्ल्ड संघात होता, आणि 2010 पासून 2025 मध्ये निवृत्त होईपर्यंत स्काय व इनिऑस या संघांत. येथे नवख्या वाचकाची हमखास फसगत होते. स्काय आणि इनिऑस हा एकच संघ आहे. 2019 च्या मे महिन्यात प्रायोजक बदलला म्हणून नाव बदलले. या खेळात संघाला गावाचे किंवा देशाचे नाव नसते, पैसे देणाऱ्या कंपनीचे असते, आणि कंपनी बदलली की तीच माणसे, त्याच मोटारी आणि तेच प्रशिक्षक नव्या नावाने रस्त्यावर उतरतात. त्यामुळे नाव बदललेले दिसले की सायकलपटूने संघ सोडला असे गृहीत धरू नये. आधीच्या वर्षाचे सहकारी पुढच्या वर्षीही तेच आहेत का, ते पाहावे.

संघ खरोखरच बदलला असेल, तर त्याआधीचा ऑगस्ट महिना काळजीपूर्वक पाहावा. एका संघातून दुसऱ्या संघात जाण्याची अधिकृत घोषणा 1 ऑगस्टपासून करता येते, आणि त्याच सुमारास संघ काही तरुणांना हंगामाच्या अखेरपर्यंत उमेदवार म्हणून घेऊन पारखतात. वर्षभर कुठेच न दिसलेला सायकलपटू जुलै-ऑगस्टमध्ये अचानक छोट्या शर्यतींत चमकू लागला, तर त्याचा करार संपत आला असण्याची शक्यता मोठी असते.

शर्यतीच्या नावामागची खूण

निकालपत्रात प्रत्येक शर्यतीच्या नावाजवळ 1.1, 2.2, 2.प्रो अशी खूण असते. टिंबाच्या आधीचा 1 म्हणजे एकदिवसीय शर्यत आणि 2 म्हणजे अनेक टप्प्यांची. टिंबानंतर शर्यतीची श्रेणी येते: सर्वांत वर वर्ल्ड टूर, तिच्याखाली प्रो, मग 1, मग 2. जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात झालेली पुणे ग्रँड टूर 2.2 श्रेणीची होती, म्हणजे अनेक टप्प्यांची आणि आंतरराष्ट्रीय उतरंडीच्या सर्वांत खालच्या पायरीवरची. विजयांची नुसती मोजणी करणाऱ्याला 2.2 मधील टप्पा आणि जिरो द’इतालिया या इटलीतील तीन आठवड्यांच्या शर्यतीमधील टप्पा सारखेच दिसतात. म्हणून विजय श्रेणीनुसार वेगळे मांडावेत. थॉमसच्या बाबतीत असे केले की चित्र लगेच स्पष्ट होते: 2014 ची राष्ट्रकुल स्पर्धेतील रस्ता शर्यत, 2015 ची बेल्जियममधील ई-3 हारेलबेके, 2016 ची पॅरिस–नीस, 2018 ची क्रितेरियम द्यु दोफिने आणि त्याच वर्षीची टूर, 2021 ची तूर द रोमांदी, 2022 ची तूर द स्विस. विजय फार नाहीत, पण जे आहेत त्यांतील बरेचसे वरच्या पायरीवरचे आहेत.

टूर संपल्यानंतर बेल्जियम, नेदरलँड्स आणि फ्रान्समधील गावागावांत ज्या क्रिटेरियम शर्यती (गावातल्याच रस्त्यांवर फेऱ्या मारायच्या) होतात, त्या मात्र हिशोबात धरू नयेत; वरच्या दोफिनेच्या नावात तोच शब्द असला तरी ती त्यांतली नव्हे. त्या प्रेक्षकांसाठी असतात, सायकलपटूंना हजेरीचे पैसे मिळतात, आणि कोणी जिंकायचे हे बहुधा आधीच ठरलेले असते. आपल्याकडच्या नुरा कुस्तीसारखाच तो प्रकार. पाहायला मजा येते, पण त्यावरून पैलवान पारखता येत नाही.

त्या दिवशी त्याला काम काय दिले होते

आता मुख्य गोष्ट. सपाट रस्त्यावर सायकलपटूची बहुतेक शक्ती हवेचा विरोध कापण्यात खर्च होते, आणि दुसऱ्याच्या मागे चिकटून राहिले की त्या श्रमांची मोठी बचत होते. या एका भौतिक कारणावर संपूर्ण खेळ उभा आहे. संघातील एक किंवा दोघे जिंकण्यासाठी निवडलेले असतात. बाकीचे त्यांच्यासाठी वारा अंगावर घेतात, मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणतात, पुढे निसटलेल्यांना पकडण्यासाठी तासन्‌तास वेग राखतात आणि घाटात नेत्याला शक्य तितक्या वरपर्यंत नेऊन सोडतात. काम संपले की सहायक जाणीवपूर्वक वेग कमी करतो आणि उद्यासाठी पाय राखत सावकाश शिखर गाठतो. त्या दिवशीच्या निकालात तो 60 वा आणि दहा-बारा मिनिटे मागे दिसेल. काम चोख झाल्याचाच तो पुरावा असू शकतो, किंवा तो खरोखरच ढेपाळला असेल. एकट्या आकड्यावरून हे कधीच कळत नाही.

ते ओळखण्यासाठी कागदावर आणखी एक उभा रकाना आखावा आणि प्रत्येक मोठ्या शर्यतीपुढे संघाचा नेता कोण होता व तो कितवा आला, हे लिहावे. थॉमसच्या टूरचा तक्ता असा होतो: 2013 मध्ये तो स्वतः 140 वा, फ्रूम पहिला; 2015 मध्ये तो 15 वा, फ्रूम पहिला; 2016 मध्ये पुन्हा 15 वा, फ्रूम पुन्हा पहिला. नेता पहिला आणि सहायक 15 वा, हे या खेळात उत्तम वर्ष समजले जाते. 2015 चे वर्ष तर टप्प्याटप्प्याने वाचण्याजोगे आहे. गाप शहराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर दुसऱ्या स्पर्धकाचा धक्का लागून थॉमस रस्त्याकडेच्या खांबावर आदळला, तरी उठून पुढे गेला. फ्रूमसाठी राबत असूनही तो बराच काळ पहिल्या पाचांत होता, आणि शेवटी आल्प्समध्ये एका दिवसात कोसळून 15 व्या क्रमांकावर घसरला. हा सहायक तीन आठवडे टिकला तर काय करील, हा प्रश्न जाणकारांनी त्या वर्षी विचारला असणार. उत्तर 2018 मध्ये मिळाले.

त्या वर्षी फ्रूमने मे महिन्यात जिरो जिंकली होती आणि तो थकूनच टूरला आला. थॉमसने ला रोझिएर आणि आल्प द्युएझ येथील घाटाचे लागोपाठचे दोन टप्पे जिंकले, एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याची पिवळी जर्सी मिळवली आणि पॅरिसपर्यंत ती राखली. दुसऱ्या आलेल्या टॉम डुमुलिनपेक्षा तो 1 मिनिट 51 सेकंदांनी पुढे होता. फ्रूम तिसरा आला. थॉमस तेव्हा 32 वर्षांचा होता. तक्त्यात हे वर्ष उसळीसारखे दिसते खरे, पण नेत्याचा रकाना भरलेला असेल तर ते तसे वाटत नाही, कारण आधीच्या वर्षांतील मेहनत कोणाच्या खात्यावर जमा झाली हे शेजारीच लिहिलेले असते.

याच पद्धतीने अमेरिकेच्या सेप कुसचे 2023 हे वर्ष वाचून पाहावे. जिरोमध्ये तो 14 वा आला, नेता प्रिमोझ रोग्लिच पहिला. टूरमध्ये तो 12 वा, नेता योनास व्हिंगेगो पहिला. मग स्पेनच्या व्हुएल्टा आ एस्पान्यामध्ये कुस स्वतः पहिला आला, व्हिंगेगो दुसरा आणि रोग्लिच तिसरा. तीन आठवड्यांच्या तिन्ही शर्यती एकाच वर्षात पूर्ण करून तिन्हींत आपल्या संघाचा विजेता पाहिलेला हा सायकलपटू, नेत्याचा रकाना नसेल तर 14, 12, 1 अशा चढत्या क्रमाचा एक सुदैवी माणूस वाटतो.

सपाट टप्प्यांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. शंभर-दीडशे जणांचा घोळका एकत्र शेवटच्या रेषेवर आला की सर्वांना एकच वेळ दिली जाते. अशा दिवशी कोणी 30 वा किंवा 110 वा आला याला काहीही अर्थ नसतो. घाटाचे टप्पे आणि टाइम ट्रायल (ज्यात प्रत्येकजण एकटा, घड्याळाविरुद्ध सायकल चालवतो) तेवढे वेगळे काढून वाचावेत.

आणि काही गोष्टी कोणत्याच रकान्यात सापडत नाहीत, हे मान्य करावे. 2023 च्या जिरोमध्ये शेवटून दुसऱ्या दिवशी मोंते लुसारीच्या चढावरील टाइम ट्रायल सुरू होण्याआधी थॉमस रोग्लिचच्या 26 सेकंद पुढे होता. त्या चढावर रोग्लिचच्या सायकलची साखळी निसटली, तरीही थॉमस मागे पडला आणि अखेर अवघ्या 14 सेकंदांनी जिरो हरला. दुसऱ्या दिवशी रोमच्या रस्त्यांवर, स्वतःला मिळण्यासारखे काहीही उरलेले नसताना, त्याने घोळक्याच्या पुढे येऊन वेग वाढवला तो जुना मित्र मार्क कॅव्हेंडिशसाठी, जो प्रतिस्पर्धी संघाचा होता. कॅव्हेंडिश तो टप्पा जिंकला. निकालपत्रात त्या दिवशी थॉमसच्या नावापुढे मैलाचा दगड वाटावा असे काहीच नाही.

शर्यत अर्धवट राहिल्याच्या नोंदी

डीएनएफ म्हणजे टप्प्यात उतरला पण पूर्ण केला नाही, डीएनएस म्हणजे टप्प्याला उतरलाच नाही, आणि ओटीएल म्हणजे टप्पा पूर्ण केला पण विजेत्याच्या वेळेवरून ठरवलेली मुदत उलटून गेली. तीन अक्षरांमागे प्रत्येक वेळी वेगळी गोष्ट असते, म्हणून अशी नोंद दिसली की त्या दिवसाची बातमी शोधावीच. थॉमसच्या 2020 च्या जिरोपुढे चौथ्या टप्प्यासाठी डीएनएस आहे. वाचणाऱ्याला वाटावे की गडी उठलाच नाही. प्रत्यक्षात आदल्या दिवशी शर्यतीचा झेंडा पडण्यापूर्वीच, सर्वजण संथ चालले असताना, रस्त्यावर घरंगळत आलेल्या पाण्याच्या बाटलीवर चाक जाऊन तो पडला. तरी त्याने एटना पर्वताचा तो संपूर्ण टप्पा पार केला, आणि कमरेचे हाड मोडल्याचे तपासणीत नंतर कळले. 2017 ची जिरो पोलिसांच्या उभ्या मोटारसायकलमुळे झालेल्या अपघाताने संपली, आणि त्याच वर्षीची टूर डुसेलडॉर्फमधील टाइम ट्रायल जिंकून व पिवळी जर्सी घालून सुरू झाली ती नवव्या टप्प्यात गळ्याजवळचे हाड (कॉलरबोन) मोडून थांबली.

ओटीएल हा शेरा बहुधा शेवटच्या रेषेजवळच्या वेगवान धावेत पटाईत असलेल्यांच्या वाट्याला येतो. 2018 चा ला रोझिएरचा जो टप्पा थॉमसने जिंकला, त्याच टप्प्यात मार्क कॅव्हेंडिश मुदतीबाहेर गेला आणि त्याची टूर तेथेच संपली. कॅव्हेंडिशसारख्या वेगवान धावेच्या सायकलपटूची कारकीर्द एकूण क्रमवारीच्या रकान्यातून वाचणे म्हणजे निव्वळ वेळ दवडणे होय. त्याचे टप्पे मोजावेत. 2016 च्या टूरमध्ये चार, 2017 ते 2020 या काळात एकही नाही, 2021 मध्ये पुन्हा चार, आणि 3 जुलै 2024 रोजी सँ-व्हुल्बा येथे पस्तिसावा, ज्याने बेल्जियमचा महान सायकलपटू एडी मर्क्स याचा 34 टप्प्यांचा विक्रम मागे पडला. मधल्या रिकाम्या वर्षांत अपघात होते आणि दीर्घ आजारपण होते. 2020 अखेरीस त्याची आकडेवारी पाहून ही कारकीर्द संपली असे म्हणणारे पुष्कळ होते, आणि आकडे पाहता त्यांना दोष देता येत नाही.

रिकाम्या आणि खोडलेल्या ओळी

थॉमसच्या टूरच्या रकान्यात 2008 आणि 2012 ही वर्षे कोरी आहेत. दोन्ही ऑलिंपिकची वर्षे. बीजिंग आणि लंडन येथे सायकलींच्या गोल ट्रॅकवरील सांघिक परस्यूटमध्ये (चौघांच्या संघाच्या वेळेच्या शर्यतीत) त्याने सुवर्णपदक मिळवले, आणि त्यासाठी टूर सोडली. रस्त्याचे निकालपत्र ट्रॅकविषयी बहुधा गप्प असते, त्यामुळे ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन किंवा डॅनिश सायकलपटूचे एखादे वर्ष फिके वाटले तर त्याचे ट्रॅकचे निकाल वेगळे काढून पाहावेत.

महिलांच्या कारकिर्दी वाचताना तर रिकाम्या जागांना जास्तच मान द्यावा लागतो. सर्वोच्च श्रेणीच्या महिला संघांत किमान वेतनाची अट 2020 मध्ये आली. त्याआधी अनेक जणी नोकरी किंवा शिक्षण सांभाळून शर्यती करत होत्या. ऑस्ट्रियाच्या आना कीजेनहोफरने 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकची रस्ता शर्यत जिंकली तेव्हा तिच्याकडे कोणत्याही व्यावसायिक संघाचा करार नव्हता. ती गणिताची संशोधक होती. ब्रिटनच्या लिझी डेगननचा 2018 चा रकाना कोरा आहे तो मुलीच्या जन्मामुळे, आणि 2021 मध्ये महिलांसाठी प्रथमच झालेली पॅरिस–रूबे ही एकदिवसीय शर्यत तिने त्यानंतर जिंकली.

काही ओळी रिकाम्या नसतात, खोडलेल्या असतात. 1999 ते 2005 या सात टूर लान्स आर्मस्ट्राँगकडून उत्तेजकांच्या प्रकरणात 2012 मध्ये काढून घेण्यात आल्या आणि त्या वर्षांचा विजेता म्हणून दुसऱ्या कोणाचेही नाव लिहिले गेले नाही. याउलट 2010 ची टूर अल्बेर्तो कोंतादोरकडून अँडी श्लेककडे गेली, आणि 2011 ची व्हुएल्टा हुआन होसे कोबोकडून फ्रूमकडे गेली ती थेट 2019 मध्ये. म्हणजे फ्रूमने तीन आठवड्यांची जी शर्यत सर्वांत आधी जिंकली, ती त्याच्या नावावर सर्वांत शेवटी चढली. जुन्या वर्तमानपत्रातील कात्रण आणि आजचे निकालपत्र जुळत नसेल, तर चूक शोधण्याआधी हा शेरा शोधावा. त्या काळातील जे निकाल खोडले गेले नाहीत ते सर्व स्वच्छच होते, असेही कोणी समजू नये.

शेवटची वर्षे आणि पहिली वर्षे

तिशी ओलांडलेल्या सायकलपटूच्या निकालांत घसरण शोधणे सोपे असते, पण घसरणीचा प्रकार पाहावा. थॉमस 2019 मध्ये टूरला दुसरा आला तेव्हा विजेता त्याच्याच संघाचा 22 वर्षांचा एगन बेर्नाल होता. पुढे 2022 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी, तो तिसरा आला, आणि 2023 व 2024 च्या जिरोमध्ये अनुक्रमे दुसरा व तिसरा. स्फोटक धाव आधी कमी होते. तीन आठवडे दररोज जवळपास सारखाच वेग राखण्याची ताकद पुष्कळ उशिरापर्यंत टिकते. 2025 मध्ये तो चौदाव्यांदा टूरला उतरला आणि सप्टेंबरमध्ये टूर ऑफ ब्रिटनचा शेवटचा टप्पा कार्डिफमध्ये संपला तेव्हा निवृत्त झाला.

तरुणांच्या बाबतीत ही रीत उलटी लावावी. पुणे ग्रँड टूरसारख्या 2.2 शर्यतीचे निकालपत्र हाती आले, तर पहिल्या तिघांची नावे पाहून ते मिटू नये. आधी जन्मवर्षाचा रकाना पाहावा आणि 23 वर्षांखालील स्पर्धक वेगळे काढावेत. त्यांच्यापैकी घाटाच्या टप्प्यावर पुढच्या गटाबरोबर कोण होते, कोणाच्या संघाचा नेता जिंकला आणि त्या दिवशी कोण मुद्दाम मागे राहिले, कोण दीर्घकाळ ब्रेकअवेमध्ये (घोळक्यापुढे निसटलेल्यांत) होते आणि शेवटच्या काही किलोमीटरमध्ये पकडले गेले, हे त्या आठवड्याच्या बातम्यांवरून आणि टप्प्यांच्या चित्रणावरून टिपून ठेवावे. दोन वर्षांनी यातील एखादे नाव युरोपातील प्रो श्रेणीच्या शर्यतीत 95 व्या क्रमांकावर दिसले, तर त्याच्या संघाचा नेता त्या दिवशी कितवा आला हे पाहूनच पुढची ओळ भरावी.